उपग्रहाला रस्ता ठाऊक नसतो

ताम्हिणी घाटात शिरलं की मोबाइलची रेंज ठिकठिकाणी जाते. फोन लागत नाही, गाणं मध्येच थांबतं, पाठवलेला मेसेज तसाच अडकून बसतो. पण डॅशबोर्डवर लावलेल्या त्याच फोनमधला निळा बाण मात्र घाटाच्या प्रत्येक वळणाबरोबर वळत असतो. पुढचं वळण डावीकडे आहे हे तो आधी दाखवतो आणि ते डावीकडेच निघतं. शहरात याच्या उलट होतं. मॉलच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये नेटवर्क पूर्ण असतं, व्हिडिओसुद्धा अडखळत नाही. पण बाण भांबावतो आणि गाडी मागच्या रस्त्यावर उभी असल्याचं दाखवतो.

नेट नसताना जागा कळते आणि नेट असताना कळत नाही, याचं कोडं अनेकांना पडतं. ते पडतं एका घट्ट बसलेल्या समजुतीमुळे. आकाशातला उपग्रह आपली गाडी बघत असतो आणि कुठं वळायचं ते तोच सांगतो, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात उपग्रहाला गाडी दिसत नाही, रस्ता ठाऊक नसतो आणि खाली आपलं कुणी ऐकतंय का याचाही त्याला पत्ता नसतो. गाडी कुठं आहे हे फोन स्वतः काढतो. रस्त्यांचा नकाशा माणसांनी जमवलेला आणि तपासलेला असतो. कोणत्या रस्त्याने जावं हा हिशेब संगणक करतो. आणि पुढे गर्दी आहे की मोकळं आहे ही बातमी येते रस्त्यावरच्या इतर लोकांच्या फोनकडून. चारही गोष्टी पडद्यावर एकत्र दिसतात, म्हणून त्या एकच वाटतात. त्या सुट्या करून पाहिल्या की मॅप कुठं भरवशाचा आणि कुठं नाही, हे बरंचसं उलगडतं.

वरून येते ती फक्त वेळ

जीपीएस ही अमेरिकेच्या संरक्षण खात्याची यंत्रणा. १९७३ मध्ये काम सुरू झालं, पहिला उपग्रह १९७८ मध्ये गेला आणि १९९५ मध्ये ती पूर्ण क्षमतेने चालू झाली. पृथ्वीवर कुठूनही पुरेसे उपग्रह दिसावेत म्हणून किमान २४ लागतात. सध्या त्याहून जास्त, तीसेक काम करतात. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून प्रत्येक उपग्रह साधारण बारा तासांत पृथ्वीभोवती एक फेरी मारतो आणि अखंड एकच गोष्ट सांगत राहतो: आत्ता किती वाजलेत आणि मी कुठं आहे.

एवढ्यावरून अंतर कसं कळतं? पावसाळ्यात वीज चमकली की मुलं मनात आकडे मोजतात. गडगडाट ऐकू यायला तीन सेकंद लागले, तर वीज साधारण एक किलोमीटरवर पडली. फोन हेच करतो, फक्त आवाजाच्या जागी रेडिओलहरी असतात आणि त्या सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर वेगाने येतात. उपग्रहाने संदेश सोडल्याची वेळ त्या संदेशातच लिहिलेली असते. तो फोनपर्यंत पोहोचायला एका सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. निघाल्याची वेळ आणि पोहोचल्याची वेळ यांतल्या फरकाला वेगाने गुणलं की अंतर मिळालं.

एका उपग्रहापासूनचं अंतर कळलं, तर आपण त्याच्याभोवतीच्या एका प्रचंड गोलाच्या पृष्ठभागावर कुठंतरी आहोत एवढंच समजतं. दुसऱ्या उपग्रहाचा गोल पहिल्याला एका वर्तुळात छेदतो. तिसरा त्या वर्तुळाला दोन बिंदूंत छेदतो. त्यांतला एक अवकाशात भलतीकडेच पडतो, तो सोडून द्यायचा. म्हणजे तीन उपग्रहांत काम व्हायला हवं. तरीही फोनला चौथा लागतो, कारण फोनमधलं घड्याळ साधं असतं. उपग्रहात अणुघड्याळं असतात, अणूंच्या ठरावीक कंपनांवर चालणारी आणि अत्यंत महागडी. वेळेत एका सेकंदाच्या दहालाखाव्या भागाचीही चूक झाली, तर अंतर ३०० मीटरनी चुकतं. स्वतःचं घड्याळ किती चुकतंय हे फोन चौथ्या उपग्रहाच्या मदतीने शोधतो आणि ती चूक वजा करतो. त्यामुळे नेव्हिगेशन चालू असलेल्या प्रत्येक फोनला, जागा कळायच्या ओघात, अणुघड्याळाच्या तोडीची वेळही फुकट मिळालेली असते.

या घड्याळांमध्ये आइन्स्टाइनही आहे. वेगाने फिरणाऱ्या उपग्रहावरचं घड्याळ जमिनीवरच्यापेक्षा दिवसाला सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतं, आणि तिथं गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे ते ४५ मायक्रोसेकंद पुढेही जातं. निव्वळ फरक दिवसाला ३८ मायक्रोसेकंद. याचा हिशेब ठेवला नाही, तर एका दिवसात चूक दहा किलोमीटरच्या पुढे जाईल आणि पुण्यातली गाडी लोणीकाळभोरला दिसेल. म्हणून ही घड्याळं पाठवण्याआधीच किंचित मंद लावलेली असतात. सापेक्षतावाद पुस्तकातला म्हणून आपण दूर ठेवतो. रोज ऑफिसला जाणारा माणूस तो नकळत वापरत असतो.

आता सुरुवातीचं कोडं सुटतं. फोन उपग्रहाला काहीच पाठवत नाही, नुसता ऐकतो. त्यासाठी मोबाइलचं नेटवर्क लागत नाही. घाटात आकाश उघडं असलं की पुरे. घाटातला नकाशा निघतानाच, नेट असताना, फोनने उतरवून ठेवलेला असतो. तळघरात मात्र उपग्रहाचा आधीच क्षीण झालेला संदेश काँक्रीटचे मजले भेदून पोहोचत नाही. तिथं फोन आसपासची वायफाय आणि मोबाइलचे टॉवर यांवरून अंदाज बांधतो, आणि तो अंदाज ढोबळ असतो.

नेटवर्कचा एक उपयोग मात्र आहे. उपग्रह आपली माहिती फार सावकाश सांगतो, सेकंदाला फक्त ५० बिट. ती पूर्ण ऐकायची तर अर्धं मिनिट लागतं. नेट असेल तर तीच माहिती इंटरनेटवरून क्षणात मिळते. विमानातून उतरून फोन चालू केल्यावर किंवा रेंज नसलेल्या गावात पहिल्यांदा मॅप लावल्यावर बाण जागेवर यायला वेळ लागतो, तो त्यामुळे.

कॅसेटवरचा नकाशा

गाडीतला नकाशा जीपीएसच्या आधीचा आहे. होंडाने १९८१ मध्ये जपानात असं यंत्र आणलं. उपग्रहाची मदत त्यात नव्हती. गाडी किती वळली हे वायूच्या झोतावर चालणारा एक जायरोस्कोप सांगायचा, किती पुढे गेली हे चाकांवरून कळायचं आणि छोट्या पडद्यावर ठेवलेल्या पारदर्शक नकाशावर गाडीची जागा उमटायची.

१९८५ मध्ये कॅलिफोर्नियात ईटॅक नावाच्या कंपनीने आणखी मोठी उडी मारली. तिच्या यंत्रात चाकांवरचे सेन्सर होते, होकायंत्र होतं आणि नकाशे होते कॅसेटवर, गाण्यांच्या कॅसेटसारख्याच टेपवर. एका कॅसेटमध्ये मावेल तेवढाच भाग. तो ओलांडला की कॅसेट बदलायची. हिरव्या रेषांच्या त्या पडद्यावर गाडीचा त्रिकोण एका जागी थांबलेला असे आणि त्याच्याभोवती सारं शहर फिरे, म्हणजे ज्या दिशेला गाडीचं तोंड ती दिशा नेहमी वर. आजही प्रत्येक फोनवर नेव्हिगेशन लावलं की हेच चित्र दिसतं.

ईटॅकची दुसरी देणगी जास्त महत्त्वाची. चाकं मोजून काढलेली जागा हळूहळू चुकत जाते. पण गाडी शेतातून किंवा घरातून जात नाही, रस्त्यावरूनच जाते. मग यंत्राने काढलेली जागा रस्त्यापासून थोडी बाजूला पडली, तर ती उचलून जवळच्या रस्त्यावर ठेवायची. गाडी नव्वद अंशांत वळली आणि नकाशावर तसं वळण एकच असेल, तर गाडी तिथंच आहे हे पक्कं. नकाशावरून जागेची चूक सुधारण्याची ही युक्ती आज उपग्रहाच्या जमान्यातही तितकीच लागते.

जीपीएस सर्वांसाठी खुलं होण्यामागे एक दुर्घटना आहे. १ सप्टेंबर १९८३ रोजी दक्षिण कोरियाचं प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि लढाऊ विमानाने ते पाडलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांनी ही यंत्रणा पूर्ण झाल्यावर सामान्य वापरासाठी खुली ठेवण्याचं जाहीर केलं. तरीही नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे आणि जागा शंभर मीटरपर्यंत इकडे-तिकडे दिसे. समुद्रावरच्या जहाजाला ते चालतं. चौकात वळणाऱ्या गाडीला चालत नाही. मे २००० मध्ये अमेरिकेने ही मिसळ बंद केली आणि जुन्याच उपग्रहांवर रिसीव्हर एका रात्रीत कित्येक पटींनी अचूक झाले. गाडीत लावायच्या छोट्या यंत्रांची बाजारपेठ त्यानंतर फुलली आणि २००९ पासून अँड्रॉइड फोनवर वळणागणिक सांगणारं नेव्हिगेशन फुकट आल्यावर त्या यंत्रांची गरजच उरली नाही.

पुलावर की पुलाखाली?

उघड्या आकाशाखाली चांगला फोन आपली जागा साधारण पाच मीटरच्या आत सांगतो. रस्त्याची एक लेन साधारण साडेतीन मीटरची. म्हणजे गाडी हायवेवर आहे की त्याला चिकटून जाणाऱ्या सर्व्हिस रोडवर, हे नुसत्या जीपीएसला खात्रीने सांगता येत नाही. उंच इमारतींच्या मधे तर संदेश काचांवर आपटून वळसा घेऊन येतो, वेळ जास्त लागतो आणि उपग्रह आहे त्याहून लांब आहे असं फोनला वाटतं. मुंबईत लोअर परळच्या टॉवरांमध्ये बाण रस्ता सोडून उड्या मारतो तो यामुळे.

उड्डाणपुलाचं गणित त्याहून अवघड. खालचा रस्ता आणि वरचा पूल नकाशावर एकाच रेषेत असतात, फरक फक्त उंचीचा. उपग्रह सगळे डोक्याच्या वरच्या बाजूला असल्याने उंची काढण्यात जीपीएस आडव्या जागेपेक्षा कच्चं असतं. गाडीने पुलाच्या तोंडाशी कोणती बाजू धरली यावर यंत्र अंदाज लावतं, आणि तो चुकला तर गाडी पुलावर असताना खालच्या चौकात उजवीकडे वळायला सांगतं. भारतातल्या चालकांची ही जुनी तक्रार होती. २०२४ मध्ये गूगल मॅप्सने अनेक भारतीय शहरांसाठी उड्डाणपूल येण्याआधी तसं स्पष्ट सांगणारी सोय दिली.

बोगद्यात तर आकाशच नाही. समृद्धी महामार्गावर इगतपुरीजवळचा बोगदा जवळपास आठ किलोमीटरचा आहे. मुंबईच्या कोस्टल रोडवरचा दोन किलोमीटरचा. आत शिरताना गाडीचा वेग किती होता आणि रस्ता कसा वळतो हे ठाऊक असल्यामुळे फोन बाण अंदाजाने पुढे सरकवत राहतो. गाडीत कंपनीनेच बसवलेलं नेव्हिगेशन इथं सहसा वरचढ ठरतं, कारण त्याला चाकं प्रत्यक्ष किती फिरली हे कळतं, जसं ईटॅकला कळत होतं. फोनवरचा बाण बोगद्यात ट्रॅफिकमुळे गाडी थांबली तरी कधी कधी पुढे निघून जातो.

अजून एक प्रसंग रोजचा आहे. सोसायटीच्या गेटशी गाडी उभी, मॅप लावलेला, आणि सूचना येते, ‘उत्तरेकडे जा’. डावीकडे की उजवीकडे हेच कळत नाही. जीपीएसला गाडी कुठं आहे हे कळतं, तोंड कुठं आहे हे कळत नाही. ती दिशा दोन लागोपाठच्या जागांवरून काढावी लागते. फोनमधलं होकायंत्र मदत करतं, पण गाडीचं लोखंड आणि स्पीकरमधलं चुंबक त्याला बहकवतात. गाडी वीस-पंचवीस मीटर पुढे गेली की बाण सरळ होतो.

कॉफीच्या टेबलावर सुचलेला रस्ता

जागा कळली, नकाशा आहे. आता हजारो संभाव्य वाटांतली सर्वांत जलद कोणती? याचं उत्तर देणारी पद्धत एड्सखर डाइक्स्ट्रा या डच संगणकतज्ज्ञाने १९५६ मध्ये शोधली. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये होणाऱ्या पत्नीबरोबर खरेदी करून दमल्यावर ते एका कॅफेत बसले होते; कागद-पेन्सिल न घेता वीसेक मिनिटांत ही पद्धत सुचली, असं त्यांनी पुढे सांगितलं. नव्या संगणकाचं प्रात्यक्षिक लोकांना समजेल असं दाखवायचं होतं, म्हणून त्यांनी नेदरलँड्समधल्या ६४ शहरांचा नकाशा घेतला आणि दोन शहरांमधला सर्वांत जवळचा मार्ग संगणकाकडून काढून दाखवला.

पद्धत सोपी आहे. प्रत्येक चौक हा एक बिंदू, दोन चौकांमधला रस्ता ही एक रेषा आणि रेषेवर लिहिलेली ती पार करायला लागणारी मिनिटं. निघालेल्या जागेपासून सुरुवात करायची, सर्वांत कमी वेळात पोहोचता येईल असा चौक आधी पक्का करायचा, मग तिथून पुढच्या चौकांच्या वेळा तपासायच्या, पुन्हा सर्वांत कमी वेळेचा चौक पक्का करायचा. मुक्कामाचा चौक पक्का झाला की मार्ग मिळाला. देशभराच्या नकाशावर असं प्रत्येक वेळी करत बसलं तर उशीर होईल, म्हणून आजच्या यंत्रणा मोठ्या रस्त्यांमधले जोड आधीच काढून ठेवतात. नागपूरहून रत्नागिरीला जायचं असेल, तर मधल्या प्रत्येक गावच्या गल्ल्या तपासण्याचं कारण नसतं.

खरी मेख त्या मिनिटांमध्ये आहे. हडपसर ते स्वारगेट पहाटे पाचला आणि संध्याकाळी सातला हे एकच अंतर, पण वेळ वेगळा. हा वेळ उपग्रह सांगत नाही. रस्त्यावरच्या असंख्य लोकांचे फोन आपली जागा आणि वेग सेवेच्या सर्व्हरकडे पाठवत असतात. एखाद्या तुकड्यावर बरेच फोन रांगत असतील तर तो तुकडा लाल होतो. ‘पुढे लाल दाखवतंय’ असं आपण म्हणतो, तेव्हा ती बातमी पुढे अडकलेल्या माणसांनीच, न बोलता, दिलेली असते. तिथून निघेपर्यंत आपणही ती मागच्यांना देतो.

बर्लिनमधल्या सायमन वेकर्ट या कलाकाराने २०२० मध्ये याचं डोळ्यांत भरणारं उदाहरण दिलं. हातगाडीत ९९ स्मार्टफोन भरून तो मोकळ्या रस्त्यावरून पायी चालत गेला. मॅपवर तो रस्ता लाल झाला. तिथं गाडी नव्हती. हळू सरकणारे फोन होते.

भारतात यात आणखी एक गुंता असतो. आपल्या रस्त्यांवर दुचाकी भरपूर, आणि कार जिथं अडकते तिथून त्या निघून जातात. दुचाकीचा वेग कारच्या हिशेबात मिसळला तर रस्ता आहे त्यापेक्षा मोकळा दिसेल. अरुंद बोळातून दुचाकी जाते, कार जात नाही. २०१७ च्या अखेरीला गूगलने दुचाकींसाठी मार्ग दाखवण्याची वेगळी सोय आणली, ती भारतातच सर्वांत आधी. चारचाकीत बसून चुकून दुचाकीचा मार्ग निवडला की पेठेतल्या एखाद्या बोळात आरसे मिटून मागे येण्याची वेळ येते.

चौकट : ‘नाविक’चं काय झालं?

भारताने स्वतःची यंत्रणा उभारली. इस्रोने २०१३ ते २०१६ या काळात सात उपग्रहांची मालिका सोडली आणि तिला ‘नाविक’ हे नाव मिळालं. हे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, भारताच्या आकाशातच राहतील असे ठेवलेले आहेत. देश आणि सीमेपासून सुमारे १,५०० किलोमीटरचा परिसर हे त्यांचं क्षेत्र. वाटचाल सोपी नव्हती. पहिल्या उपग्रहातली परदेशी बनावटीची अणुघड्याळं बंद पडली. त्याच्या जागी २०१७ मध्ये सोडलेल्या उपग्रहाचं उष्णतारोधक कवच उघडलंच नाही. मे २०२३ मध्ये गेलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये स्वदेशी रुबिडियम अणुघड्याळ आहे. जानेवारी २०२५ मध्ये गेलेला एनव्हीएस-०२ मात्र ठरलेल्या कक्षेत पोहोचू शकला नाही. आजचे अनेक फोन अमेरिकेचं जीपीएस, रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ आणि चीनचं बेइदोउ यांचे संदेश एकत्र ऐकतात. काही फोन नाविकही ऐकतात. जितके जास्त उपग्रह दिसतील, तितकी इमारतींच्या गर्दीत जागा पक्की.

पत्ता विचारणं संपलं

वीस वर्षांपूर्वी मराठी माणूस अनोळखी गावात शिरला की आधी पानटपरीपाशी काच खाली करायचा. ‘सरळ जा, पुढे मारुतीचं देऊळ लागेल, तिथून उजव्या हाताला, पिठाच्या गिरणीसमोर.’ पत्ता सांगणारा कधी चुकायचाही, पण सांगता सांगता रस्त्याची आणखी बातमी द्यायचा: पुलावर पाणी आहे, काल दरड आलीय, आज बाजार आहे, त्या बाजूने जाऊ नका. आता लग्नपत्रिकेवर क्यूआर कोड छापलेला असतो. घरी येणाऱ्याला पत्ता सांगत नाहीत, ‘लोकेशन पाठवतो’ म्हणतात. निघाल्यावर ‘लाइव्ह लोकेशन टाक’ असा निरोप येतो आणि पोहोचायची वेळ मिनिटांत सांगितली जाते. ‘ट्रॅफिक होतं’ ही सबब पूर्वीसारखी चालत नाही, कारण ट्रॅफिक होतं की नव्हतं हे समोरच्याच्याही फोनवर दिसतं.

यातून मिळालेलं स्वातंत्र्य मोठं आहे आणि ते मोकळेपणाने मान्य करायला हवं. परक्या शहरात रात्री एकटीने गाडी चालवणाऱ्या बाईला काच खाली करून कुणाला विचारावं लागत नाही. गावाकडून आलेला मुलगा आठवड्याभरात मुंबईत टॅक्सी चालवू लागतो. अ‍ॅम्ब्युलन्सच्या चालकाला, घरपोच औषध आणणाऱ्याला, रात्री अडीच वाजता माहीत नसलेल्या इमारतीशी पोहोचता येतं.

लंडनच्या काळ्या टॅक्सीचा परवाना हवा असेल, तर आजही चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिसरातले सुमारे २५,००० रस्ते पाठ असावे लागतात. एलिनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवलं, की या चालकांच्या मेंदूतल्या हिपोकॅम्पस या भागाचा मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा असतो. कानाच्या वर, आतल्या बाजूला असलेला हा भाग जागा आणि वाटा लक्षात ठेवतो. लंडनमध्येच २०१७ मध्ये ह्यूगो स्पायर्स यांच्या गटाने सोहो भागातले रस्ते लोकांना पडद्यावर दाखवून मेंदूचं निरीक्षण केलं. माणूस स्वतः वाट शोधत असताना नव्या रस्त्यावर वळताना हिपोकॅम्पसची हालचाल वाढायची; नुसत्या सूचना पाळताना ती तशी वाढत नव्हती. कॅनडातल्या २०२० च्या एका अभ्यासात, जीपीएस जास्त वापरलेल्या चालकांची यंत्राविना वाट लक्षात ठेवण्याची क्षमता कमी आढळली. अभ्यास लहान होता, पन्नास चालकांचा. पण ज्या रस्त्याने महिनाभर मॅप लावून गेलो तो मॅपशिवाय सांगता येत नाही, हा अनुभव आता बहुतेकांच्या ओळखीचा आहे.

आणखी एक बदल गाडीबाहेरच्यांनी भोगला. पूर्वी गल्लीतून जाणारी पळवाट स्थानिकांनाच ठाऊक असायची. आता मुख्य रस्ता लाल झाला की ती सगळ्यांना एकदम कळते. न्यूयॉर्कला जाणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टन पुलाजवळच्या लिओनिया या छोट्या गावाने २०१८ मध्ये वैतागून गर्दीच्या वेळी आपले बहुतेक अंतर्गत रस्ते बाहेरच्या गाड्यांना बंद केले. गोव्यात २०१९ मध्ये बागा बीचकडे म्हणून भलत्याच वाटेला लागणाऱ्या पर्यटकांसाठी स्थानिकांना फलक लावावा लागला, की मॅपने तुम्हाला फसवलंय, ही वाट बीचला जात नाही.

मोकळा रस्ता आणि बंद रस्ता

जानेवारी २०२१ मध्ये कळसूबाईकडे निघालेली एक गाडी रात्रीच्या अंधारात अकोले तालुक्यात पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेली. कोतूळहून अकोल्याला जाणारा पूल पाण्याखाली होता. मॅप त्यावरूनच रस्ता दाखवत होता. दोघं पोहून बाहेर आले, चालक बुडाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या पुलावरून कार खाली कोसळून तिघांचा जीव गेला. पुलाचा पुढचा भाग आधीच्या पुरात वाहून गेला होता. जुलै २०२५ मध्ये बेलापूरला पुलावर जायच्या ऐवजी पुलाखालच्या रस्त्याने गेलेली कार मध्यरात्री खाडीत पडली. चालक महिलेला सागरी सुरक्षा पोलिसांनी वाचवलं.

या तिन्ही ठिकाणी गाडीची जागा बरोबर कळत होती, किमान काही मीटरच्या फरकाने. बेलापूरला चकवा वरच्या आणि खालच्या रस्त्याचा होता, तो उलगडलाच आहे. अकोले आणि बरेलीचं कारण ट्रॅफिकच्या हिशेबात आहे. रस्त्याची बातमी जर फोनच देत असतील, तर ज्या रस्त्यावर कुणीच जात नाही त्याची बातमी कोण देणार? पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावर भर दुपारी एकही फोन हलताना दिसला नाही, तर काहीतरी घडलंय हे यंत्राला ओळखता येतं. रात्री एखाददुसरीच गाडी जाणाऱ्या गावच्या रस्त्यावर शांतता नेहमीचीच असते. तिथं बंद पूल आणि मोकळा पूल हिशेबात सारखेच दिसतात. लाल रंग नाही, अंतर कमी, म्हणून तोच मार्ग जलद ठरतो. पानटपरीवरचा माणूस जी बातमी न विचारता द्यायचा, नेमकी तीच इथं गळते.

बरेलीच्या घटनेनंतर पोलिसांनी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या अभियंत्यांवरही गुन्हा नोंदवला, आणि ते योग्यच होतं. तुटलेल्या पुलाच्या तोंडाशी पक्का अडथळा हवा. अंधारात चमकणारे पट्टे हवेत. ही जबाबदारी रस्ता ज्याचा त्याची आहे.

नकाशा जास्त चांगला करता येतो, याची उदाहरणं आपल्याकडेच आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने नकाशे तयार करण्यावरची बरीच बंधनं भारतीय कंपन्यांसाठी उठवली. जुलै २०२२ मध्ये रस्त्यांची सलग छायाचित्रं दाखवणारी सोय भारतात पुन्हा आली, तेव्हा सुरुवातीच्या शहरांमध्ये मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर होती आणि छायाचित्रं टिपणाऱ्यांत मुंबईची जेनेसिस ही कंपनी होती. दिल्लीची मॅपमायइंडिया १९९५ पासून भारताचे नकाशे जमवते आहे. पण पावसाळ्यातल्या कोकणात, मुळशीत, भंडारदऱ्यात रस्ता एका रात्रीत बदलतो. त्या रात्रीची बातमी नकाशाला कुणीतरी कळवावी लागते. जिल्हा प्रशासन पूल बंद करण्याचा आदेश काढतं तेव्हा त्याची प्रत पोलिसांना आणि वर्तमानपत्रांना जाते. तीच नोंद, पुलाच्या अक्षांश-रेखांशासह, त्याच दिवशी नकाशा कंपन्यांकडे जाण्याची सक्ती हवी.

तोवर चालकाच्या हातात आहे ते एवढं. घाटात जाण्याआधी त्या भागाचा नकाशा फोनवर उतरवून घ्यायचा. निघण्यापूर्वी सुचवलेला मार्ग सबंध डोळ्यांखालून घालायचा. हायवे सोडून तो कुठून जातोय, वाटेत धरणाचं पाणी किंवा नदी किती वेळा ओलांडतोय, ते बघायचं. पाच मिनिटं वाचवणारी बारीक रेषा रात्री आणि पावसात नाकारायची. आणि पुढे पूल बंद आढळला तर गाडी वळवून सुरक्षित जागी थांबल्यावर, अ‍ॅपमध्ये ‘रस्ता बंद’ अशी नोंद करायची. तिला अर्धं मिनिट लागतं, आणि मागून येणाऱ्या गाडीच्या फोनला ती बातमी दुसरीकडून मिळेलच असं नाही.